प्रवासातल्या टेस्टिंग मेनूचे आरक्षण करण्यापूर्वी

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पर्यटन पुरवणीत सिंगापूर, बँकॉक आणि दुबई येथील ‘चुकवू नयेत’ अशा उपाहारगृहांच्या याद्या अलीकडे वारंवार येतात. त्यांतली बरीचशी उपाहारगृहे टेस्टिंग मेनूची असतात. तेथे पाहुण्याने पदार्थ निवडायचे नसतात. शेफने ठरवलेले दहा-बारा किंवा त्याहूनही अधिक छोटे पदार्थ, त्यानेच ठरवलेल्या क्रमाने, दोन-तीन तास बसून खायचे असतात. ठाण्यात आमच्या नौपाड्याच्या सोसायटीत दिवाळीत किंवा मे महिन्यात परदेशी जाणारी कुटुंबे दरवर्षी वाढत आहेत, आणि विमानाची तिकिटे झाल्याबरोबर ‘तिथल्या जेवणाचे बुकिंग केले का?’ हा प्रश्न आता जिन्यातसुद्धा ऐकू येतो. असे आरक्षण करावे की करू नये, याचा विचार मात्र फारसा कोणी करताना दिसत नाही. आम्ही एकदा तो विचार न करता आरक्षण केले आणि एकदा करून केले. दोन्ही अनुभव गाठीशी असल्याने हे पत्र लिहीत आहे.

पहिला अनुभव सिंगापूरचा. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षे झाली म्हणून मुलाने आणि सुनेने आम्हा दोघांना तेथे नेण्याचे ठरवले आणि एका नावाजलेल्या उपाहारगृहात चौघांसाठी अकरा पदार्थांचे रात्रीचे जेवण सहा आठवडे आधी आरक्षित केले. दिवस निवडला तो पोहोचण्याचाच, कारण लग्नाची तारीख तीच होती. विमान रात्रीचे, प्रवास साडेपाच तासांचा, झोप जवळजवळ नाही, घड्याळ अडीच तास पुढे, आणि हॉटेलची खोली दुपारी तीनला मिळणार. तोवर आम्ही सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवून उन्हात फिरलो. संध्याकाळी साडेसातला जेवायला बसलो तेव्हा भुकेपेक्षा झोप अधिक आली होती.

माझ्या यजमानांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि त्यांची एक गोळी जेवणाआधी घ्यायची असते. घरच्या सवयीप्रमाणे त्यांनी खुर्चीत बसल्याबरोबर ती घेतली. पहिला पदार्थ आला तो शंकरपाळ्याएवढा, चिमटीत मावेल असा, वर हिरव्या चटणीचा एक ठिपका. दिसायला अतिशय सुरेख, चव त्याहून सुरेख. वीस मिनिटांनी दुसरा आला, तोही तेवढाच. सव्वा तासात चार घास पोटात गेले होते. पाचव्या पदार्थाची ताटली समोर ठेवत असताना मला दिसले की यजमानांच्या कपाळावर घाम आला आहे आणि चमचा ताटलीवर टेकवताना बारीक खडखड आवाज होत आहे. त्यांचा हात थरथरत होता. सुनेने वाढणाऱ्या मुलीला खूण केली, तिने धावत जाऊन संत्र्याचा रस आणि साखरेचे भांडे आणले, आणि दहा-पंधरा मिनिटांत त्यांना बरे वाटले. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही. उपाहारगृहाचा यात काहीही दोष नव्हता. पोटभरीचा पदार्थ जेवण सुरू झाल्यावर किती वेळाने येतो, हा साधा प्रश्न आम्ही चौघांपैकी एकानेही आधी विचारला नव्हता. ज्यांच्या घरात मधुमेही आहेत, आणि आपल्याकडे अशी घरे कमी नाहीत, त्यांनी हा प्रश्न उपाहारगृहाला, आणि अशा जेवणाच्या वेळी गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचे हा प्रश्न आपल्या डॉक्टरांना, निघण्यापूर्वी अवश्य विचारावा.

मी बँकेत हिशेबाचे काम करून निवृत्त झाले, त्यामुळे बिलाकडे माझे लक्ष गेल्याशिवाय राहत नाही. सिंगापुरात पुष्कळ उपाहारगृहे किमतीपुढे अधिकची दोन चिन्हे (++) छापतात. त्यांतले एक १० टक्के सेवाशुल्काचे आणि दुसरे तेथील वस्तू व सेवा कराचे असते. हा कर १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के आहे आणि तो सेवाशुल्क मिळवून झालेल्या रकमेवर लागतो. म्हणजे ३०० डॉलर लिहिलेले जेवण आधी ३३० होते आणि मग ३५९ डॉलर ७० सेंट. चार माणसांत हा फरक जवळजवळ २३९ डॉलरचा होतो, आणि त्यात पाण्याची बाटली किंवा वाइन धरलेली नाही. ही चिन्हे आम्ही पाहिली होती, पण त्यांचा अर्थ विचारला नव्हता. आपल्याकडे सेवाशुल्क बिलात आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. त्यामुळे आपण भारतात ते नाकारू शकतो. परदेशात हा नियम चालत नाही. तेथे ते जेवणाच्या किमतीतच धरून चालावे.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. निघण्याच्या पाच दिवस आधी मुलाची रजा रद्द झाली. त्याच दिवशी सुनेने उपाहारगृहाला पत्र पाठवून एक खुर्ची कमी करण्याची विनंती केली. उत्तर आले की सात दिवसांच्या आत बदल करता येत नाही, आणि रिकाम्या खुर्चीचे पूर्ण पैसे कार्डावरून वळते झाले. ही अट बुकिंगच्या वेळी दाखवलेली होती, पण अनेक ओळींच्या खाली, बारीक अक्षरांत. एवढ्या मोठ्या रकमेची अट किमतीशेजारी, किमतीच्याच आकाराच्या अक्षरांत असायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

उपाहारगृहांची बाजूही मला समजते. अशा ठिकाणी वीस-तीस खुर्च्या असतात, सामान माणशी मोजून आणलेले असते, आणि ऐनवेळी न आलेल्या गिऱ्हाइकाची जागा रस्त्यावरून जाणारा माणूस भरून काढू शकत नाही. शिकागोतील ‘नेक्स्ट’ या उपाहारगृहाने २०११ पासून जेवण नाटकाच्या तिकिटासारखे आगाऊ पैसे घेऊन विकायला सुरुवात केली आणि ही पद्धत नंतर जगभर पसरली. गडकरी रंगायतनचे तिकीट काढून आपण गेलो नाही तर पैसे परत मागत नाही, हे खरे. पण ते तिकीट आपण शेजाऱ्याला देऊ शकतो. म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या ठिकाणी आपली जागा दुसऱ्याच्या नावावर करता येते का, हे विचारून घ्यावे. काही ठिकाणी ते चालते. आम्ही विचारले असते तर कदाचित सुनेच्या सिंगापुरातल्या मैत्रिणीला त्या खुर्चीवर बसवता आले असते.

आता ताऱ्यांविषयी. आपल्या पुरवणीतील यादीत मिशेलिनचा तारा हाच मुख्य निकष दिसतो. मिशेलिन ही टायर बनवणारी फ्रेंच कंपनी. मोटारवाल्यांसाठी तिने १९०० साली मार्गदर्शिका काढली, तारे देण्यास १९२६ मध्ये सुरुवात केली आणि एक, दोन, तीन अशी श्रेणी १९३१ पासून लावली. या श्रेणीचा अर्थ मुळातच प्रवाशाच्या भाषेत सांगितलेला आहे. एक तारा म्हणजे आपल्या प्रकारातले उत्तम उपाहारगृह, दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावे असे, आणि तीन तारे म्हणजे केवळ त्यासाठीच प्रवास करावा असे. म्हणजे एका ताऱ्याच्या उपाहारगृहासाठी सहलीचा दिवस मोडून काढावा, असे खुद्द मिशेलिनही म्हणत नाही. शिवाय तारा देताना सामानाचा दर्जा, पाककौशल्य, चवींचा मेळ, शेफची स्वतःची छाप आणि सातत्य एवढेच पाहिले जाते. खुर्ची पाठीला आराम देणारी आहे का, म्हाताऱ्या माणसाला तीन तास बसवेल का, शाकाहारी पाहुण्याचे काय होईल, याचे उत्तर ताऱ्यात नसते. तारा उपाहारगृहाला मिळतो, माणसाला नव्हे, आणि मिशेलिनची मार्गदर्शिका भारतात अजून आलेलीच नाही. त्यामुळे आपल्याकडच्या जाहिरातींत ‘मिशेलिन स्टार शेफ’ असे लिहिलेले दिसले तर त्याचा अर्थ हा शेफ पूर्वी परदेशातल्या तारांकित उपाहारगृहात होता, एवढाच फार तर घ्यावा.

त्याच सिंगापुरात २०१६ साली मिशेलिनची पहिली मार्गदर्शिका निघाली तेव्हा रस्त्यावरचे खाणे विकणाऱ्या दोन गाळ्यांनाही एकेक तारा मिळाला होता. त्यांतला एक सोया सॉसमधली कोंबडी आणि भात विकणारा होता. तेथील हॉकर केंद्रांच्या, म्हणजे खाण्याचे असे अनेक गाळे एकत्र असलेल्या जागांच्या, संस्कृतीला युनेस्कोने २०२० मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. यजमानांनी दुसऱ्या दिवशी सेरंगून रोडवरच्या, १९४७ पासून चालत आलेल्या कोमला विलासमध्ये डोसा खाल्ला आणि त्या सहलीतले त्यांचे सर्वांत समाधानाचे जेवण ते झाले. सुनेला मात्र त्या अकरा पदार्थांचे आजही अप्रूप आहे. तिने प्रत्येक पदार्थाची नोंद वहीत केली होती, वाढणाऱ्या मुलीला प्रश्न विचारले होते, आणि त्यातली भाजलेल्या दुधी भोपळ्याची एक कृती ती आता आमच्या घरी करते. तिच्या दृष्टीने तो खर्च वसूल झाला.

मला जे आग्रहाने सांगायचे आहे ते इथेच आहे. आपल्या घरांत सहल म्हणजे सर्वांनी मिळून जायचे, सर्वांनी मिळून जेवायचे, असा दंडक असतो. कोणी वेगळे जेवायला गेले तर ‘आमच्याबरोबर जेवण गोड लागत नाही का?’ असे विचारले जाते, आणि हे विचारणारी मी स्वतः कित्येक वर्षे होते. या दंडकामुळे एकाच्या आवडीसाठी चौघांचे आरक्षण होते, चौघांचे पैसे जातात, दोघे जांभया आवरत बसतात, आणि ज्याला खरोखर आवड आहे त्यालाही बाकीच्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत जेवावे लागते. सुनेने त्या रात्री निम्मा वेळ सासऱ्यांच्या कपाळावरचा घाम पाहण्यात घालवला. ती एकटी किंवा मैत्रिणीबरोबर गेली असती आणि आम्ही दोघे कोमला विलासमध्ये बसलो असतो, तर लग्नाच्या वाढदिवसाला काहीही उणेपणा आला नसता. टेस्टिंग मेनूचे आरक्षण ज्याला हवे आहे त्याच्यापुरते करावे. घरातल्या ज्येष्ठांनीच ‘तुम्ही जा, आम्ही आमचे पाहतो’ असे आपणहून म्हणावे, कारण धाकट्यांच्या तोंडून ते निघत नाही.

काही वाचक म्हणतील की दुसऱ्याने ठरवलेले मुकाट्याने खायचे, हीच कल्पना आपल्याला परकी आहे. मला तसे वाटत नाही. लग्नाच्या पंगतीत तरी कोठे आपण पदार्थ निवडतो? मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर पानाच्या डाव्या बाजूला, भाज्या उजव्या बाजूला, आधी वरणभात-तूप, मग मसालेभात, मग पक्वान्न, शेवटी ताकभात, हा क्रम आपल्यासाठी कोणीतरी पूर्वीच ठरवून ठेवलेला आहे. फरक एवढाच, की पंगतीत वाढपी दर दोन मिनिटांनी समोर येतो आणि किती घ्यायचे ते जेवणाऱ्याच्या हातात असते. टेस्टिंग मेनूत आवडलेला घास पुन्हा मिळत नाही आणि न आवडलेल्याच्या जागी दुसरे काही येत नाही. हे ज्याला मान्य आहे त्याने बेलाशक जावे.

दुसरा अनुभव चेन्नईचा, मागच्या वर्षीचा. एका लग्नासाठी आम्ही तीन दिवस तेथे होतो. आयटीसी ग्रँड चोला हॉटेलातील ‘अवर्तन’ येथे दक्षिण भारतीय पदार्थांचे टेस्टिंग मेनू असतात आणि ते शाकाहारी व मांसाहारी असे वेगवेगळे बांधलेले असतात. या वेळी सुनेने आधी सर्व विचारले. सर्वांत लहान, सात पदार्थांचा मेनू घ्यायचा, दिवस लग्नानंतरचा मोकळा, आणि यजमानांनी यायचे की नाही ते त्यांनी त्या दिवशी सकाळी ठरवायचे, कारण तेथे तसे चालणार होते. ते आले. काचेच्या प्याल्यात टोमॅटोचे रसम आले, पाण्यासारखे नितळ, रंग जवळजवळ नाहीच, आणि ओठाला लावल्याबरोबर मिरी, कोथिंबीर, आंबटपणा सगळे एकदम. यजमानांनी प्याला दिव्यासमोर धरून पाहिला आणि पुन्हा एक घोट घेतला. आयुष्यभर रसम भातावर ओतून खाल्लेल्या माणसाला ते असे भेटले, याचा त्यांना आनंद झाला. ओळखीच्या चवीतून नवे काहीतरी कळणे, हे मला अशा जेवणाचे खरे कारण वाटते. जे पदार्थ आपण कधीच खाल्लेले नाहीत त्यांचे रूपांतर पाहून आपल्याला कितपत कळणार, याचाही विचार परदेशी जाताना व्हावा.

येथे एक व्यावहारिक सूचना करते. ज्यांनी असे जेवण एकदाही घेतलेले नाही त्यांनी ते पहिल्यांदा परदेशात घेऊ नये. मुंबईत महालक्ष्मीच्या गिरण्यांच्या परिसरात ‘मास्क’ हे केवळ टेस्टिंग मेनूचे उपाहारगृह २०१६ पासून आहे, आणि अवर्तनही आता सहारच्या आयटीसी मराठा हॉटेलात आहे. ठाण्याहून दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला जाणे आणि परतताना शेवटच्या लोकलची चिंता करणे हे सुखाचे नाही, पण आपल्याला तीन तासांची ही बैठक मानवते की नाही ते विमानाच्या तिकिटाशिवाय कळते. बिल पाहताना एवढे लक्षात ठेवावे, की खोलीचे भाडे दिवसाला साडेसात हजारांच्या वर असलेल्या हॉटेलांच्या आवारात जेवणावर जीएसटी १८ टक्के लागतो. एरवी तो ५ टक्के असतो.

शाकाहाराविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण ‘व्हेजिटेरियन’ हा एक शब्द लिहून आपण निश्चिंत होतो. जपानी स्वयंपाकातले दाशी नावाचे मूळ पाणी बहुधा सुकवलेल्या माशाच्या कापांपासून करतात. थाई स्वयंपाकात मिठाच्या जागी माशांचा सॉस असतो. इटलीतील पार्मेझान चीज वासराच्या जठरातील रेनेट वापरूनच तयार होते. गोड पदार्थ जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेल्या जिलेटिनने घट्ट केलेला असू शकतो. यांतले काहीही ताटलीत दिसत नाही. म्हणून काय चालत नाही ते नावानिशी लिहून, बुकिंगच्याच वेळी कळवावे आणि लेखी होकार मागावा. जैन किंवा कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी, आणि चातुर्मास पाळणाऱ्यांनी तर नक्कीच. मेजावर बसल्यावर सांगितले तर स्वयंपाकघराच्या हातात काही उरत नाही. आणि एखाद्या उपाहारगृहाने ‘आम्हाला जमणार नाही’ असे स्पष्ट कळवले तर राग न मानता त्याचे आभार मानावेत.

संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती आहे. पुरवणीत यापुढे एखाद्या अशा उपाहारगृहाची शिफारस छापताना कर आणि सेवाशुल्कासह एका माणसाची पूर्ण किंमत, जेवणाला लागणारा वेळ, आरक्षण रद्द करण्याची मुदत आणि शाकाहाराची सोय, एवढी माहिती चौकटीत द्यावी. छायाचित्र थोडे लहान झाले तरी चालेल. आपल्या भागातल्या सहल कंपन्यांनीही कार्यक्रमपत्रिकेत ‘फाइन डाइनिंगचा अनुभव’ असे मोघम न लिहिता हीच माहिती द्यावी, आणि पोहोचण्याच्या दिवशी असे जेवण ठेवू नये.

येत्या डिसेंबरात सून आणि तिची धाकटी बहीण बँकॉकला जाणार आहेत. तेथील ‘गा’ या उपाहारगृहात जेवण्याची सुनेची फार दिवसांची इच्छा आहे. गरिमा अरोरा या मुंबईत वाढलेल्या मुलीने पत्रकारितेनंतर पॅरिसला पाकशिक्षण घेतले, ‘गा’ सुरू केले, आणि २०१८ मध्ये तारा मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. पुढे त्याला दुसराही तारा मिळाला. या वेळचे आरक्षण दोघींचेच आहे, सहलीच्या तिसऱ्या दिवसाचे. रद्द करण्याची शेवटची तारीख तिने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल शाईने लिहिली आहे आणि रोज सकाळी चहा गाळताना ती माझ्याही नजरेस पडते.

आपली नम्र,
एक नियमित वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)